परत आलेल्या बाटल्या

"कानाला लाव. नीट लाव. आता सांग, गाते की रडते?"

बाबांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. घोगरा, सोड्याच्या वाफेनं आतून खरवडलेला. मी तेव्हा सात वर्षांची असेन. शेडच्या दारात पालथ्या क्रेटवर बसून ते बाटलीवर अंगठीनं टिचकी मारायचे आणि ती बाटली माझ्या कानाशी धरायचे. धड बाटली गात गात लांब जायची. तडकलेली 'ठक्' म्हणून गप्प व्हायची, हुंदका गिळलेल्या मुलीसारखी.

"गाणारी इकडं, रडणारी तिकडं," बाबा म्हणायचे. "आणि आधी लेबल काढायचं. दुसऱ्याचं नाव अंगावर घेऊन आपल्या दारातून एकही बाटली बाहेर जायची नाही."

का जायची नाही, हे मी कधी विचारलं नाही. बाबा गेले, शेड माझ्याकडे आली, आणि शेडबरोबर नियमही आला. उंबऱ्याशी पाय जसा आपोआप उचलला जातो, तसा तो पाळला जायचा.

आमचं काम दारूच्या रिकाम्या बाटल्या धुण्याचं. भंगारवाले गल्ल्यांतून, हॉटेलांच्या मागच्या दारांतून पोती भरभरून आणायचे. शेडमध्ये दोन हौद. पहिल्यात उकळता कॉस्टिक सोडा. बाटली त्यात बुडाली की थोड्या वेळानं लेबल सुटून वर यायचं, दुधावरच्या सायीसारखं. दुसऱ्यात साधं पाणी. मग फिरता ब्रश, मग उपडी मांडणी, मग तपासणी, आणि शेवटी ट्रक भरून दारूच्या कारखान्यात. तिथं बाटल्या पुन्हा भरायच्या, विकल्या जायच्या, रिकाम्या होऊन आमच्याकडे यायच्या. सासर-माहेर करणाऱ्या लेकींसारख्या. त्यांच्यावर सहा बायकांच्या आणि माझ्या चुली चालायच्या.

तपासणी वहिनीकडे होती. वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. एकदा कारखान्यानं ओरड केली, तुमच्याकडून तडकलेल्या बाटल्या आल्या म्हणून. तेव्हापासून तिनं एक युक्ती काढली. तपासून पास केलेल्या प्रत्येक बाटलीच्या बुडाला नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा. साध्या पाण्यानं तो जात नसे. कारखान्यात बाटल्या पुन्हा एकदा सोड्यातून काढत, तिथं मात्र निघून जाई. त्यामुळे दुकानातल्या बाटलीवर तो कधी दिसत नसे. ठिपका आमच्या आणि कारखान्याच्या मधला. आम्ही बघितली, धड आहे, एवढंच तो सांगायचा.

रंग दादानं आणून दिला होता. दादा रंगारी, घरं रंगवणारा. "जांभळा म्हणाल तर याद राखा," तो आम्हाला दटावायचा. "हा वांग्याचा रंग. उन्हात तपकिरीकडे झुकतो, सावलीत निळ्याकडे." तोच रंग वहिनीच्या नखांवर असायचा, कारण ठिपके देऊन ब्रशवर उरलेलं ती वाया घालवत नसे.

"बाटल्यांना नटवतेस आणि नवऱ्याला पाजतेस," मावशी म्हणायची. मावशी आमच्यातली सगळ्यांत जुनी. सोड्यानं तिची बोटं गुळगुळीत झालेली, रेषा नावाला नाहीत.

"त्यांना पाजायला मी कशाला लागते?" वहिनी म्हणायची. "ते त्या बाबतीत स्वावलंबी आहेत."

हशा व्हायचा. हशातूनच कुणीतरी गाणं धरायची आणि ब्रशच्या घरघरीवर ते तरंगत राहायचं:

बाटली धुता बाई, काच झाली पाण्यावाणी
कुणी प्यालं कुणासाठी, कुणाच्या गं डोळां पाणी

मागच्या वर्षी सरकारनं दारूवरचा कर वाढवला. सहा महिन्यांत दोनदा. रेडिओवर एक जण म्हणाला लोकांच्या तब्येतीसाठी, दुसरा म्हणाला तिजोरीसाठी. आम्हाला ती बातमी पोत्यांनी सांगितली. दिवसाला चाळीस पोती यायची, ती तीसवर आली. तीसची अठरा झाली.

दादा रोज पिणारा. तो आठवड्यातून एकदावर आला.

"वीस वर्षं मी बोलले, भांडले, माहेरी जाऊन बसले," वहिनी हात नाचवत सांगायची, "आणि सरकारनं बाटलीवर नुसता आकडा बदलला तर हे ताळ्यावर आले! वन्सं, त्या मंत्र्याची दृष्ट काढायला पाहिजे."

"ताळ्यावर कुठला येतोय," दादा म्हणायचा. "परवडत नाही, म्हणून सज्जन झालोय."

पण सज्जनपणा त्याच्या हातांत दिसू लागला होता. त्याची थरथर गेली. शिडीवर चढून छताजवळची कड तो पट्टी न लावता एका दमात ओढायचा. संध्याकाळी दारात बसून वहिनीशी काहीबाही बोलत शेंगा सोलायचा. एकदा मी बघितलं, ती त्याच्या दंडाला डोकं टेकून बसली होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघत होते. मी पाऊल न वाजवता मागं फिरले.

शेडमध्ये मात्र हौद थंड पडत चालले. कारखान्याची विक्री निम्म्यावर आली. त्यांनी कळवलं, जुन्या बाटल्या तूर्त नकोत. कोपऱ्यावरच्या परवान्याच्या दुकानाची तीनपैकी दोन शटर खाली आली, चार नोकरांचा एक झाला.

"लोक सुधारले आणि आपण बुडालो," मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या. मग हसता हसता एकेकीचं तोंड उतरलं. त्या महिन्यात मी दोघींना घरी बसवलं. त्यातली एक निघताना आपला रबरी हातमोज्यांचा जोड घडी करून खिळ्याला अडकवून गेली, जणू उद्या यायचंय.

अशात तो आला. पांढरा टेम्पो, बोलायला लोण्यासारखा, पायांत इतके चकचकीत बूट की शेडच्या ओल्या फरशीवर तो मांजरासारखा पाय उचलून चालायचा. नाव सांगितलं होतं त्यानं. आम्ही बूटवालाच म्हणायचो. त्याला फक्त महागड्या दारूच्या बाटल्या हव्या होत्या. आतून स्वच्छ, आणि बाहेरून लेबल जसंच्या तसं.

"दिवे बनवतो आम्ही," तो म्हणाला, आणि फोनवर फोटो दाखवला. बाटली, आत पिवळा बल्ब. "लेबलाशिवाय शोभा नाही हो ताई. दुप्पट नाही, तिप्पट भाव देतो. झाकणंही ठेवा."

"दिव्याला झाकण कशाला?" वहिनीनं विचारलं.

"वायर लपवायला," तो म्हणाला. वहिनीनं मान डोलावली.

बाबांचा नियम मी अर्ध्या दिवसात मोडला. खोटं कशाला बोलू, अर्धा दिवसही जास्तच सांगितला.

अडचण एकच होती. लेबल भिजू न देता बाटली धुवायची कशी? मी तीन दिवस डोकं लावलं. बागेत पाणी घालायच्या नळीची तोटी उभी बसवली, सायकलच्या ट्यूबचं कडं कापून तिच्याभोवती घातलं. बाटली उपडी करून कड्यावर टेकवायची. पाण्याची धार आत जायची, आतल्या आत भिरभिरायची, आणि कड्याखालून निघून जायची. बाहेर थेंब नाही. पहिली बाटली उचलली तेव्हा आत काच लखलखत होती आणि बाहेरच्या लेबलावरचं सोनेरी अक्षर कोरडं ठणठणीत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. वहिनीनं सवयीनं त्या बाटलीच्याही बुडाला ठिपका दिला.

मला अभिमान वाटला होता.

दीड महिना गेला. घरी बसवलेल्या दोघी परत आल्या. एका सकाळी बाकीच्या यायच्या आधी मी भंगारवाल्याचं पोतं सोडत होते. सोनेरी लेबलाची एक बाटली हाताला लागली. सवयीनं मी ती उलटी केली.

बुडाला ठिपका होता. वांग्याच्या रंगाचा.

मी तिथंच उभी राहिले. ती बाटली कुणाच्यातरी बैठकीच्या खोलीत दिवा होऊन उजळायला हवी होती. तळाशी पाण्यासारखं काहीतरी उरलं होतं, सूतभर. मी नाक लावलं. आयुष्य दारूच्या वासात गेलंय माझं. झोपेतही सांगेन कोणती कुठली. हा वास त्यातला नव्हता. दादाच्या रंगाच्या डब्यांजवळ येतो तसा होता, तीक्ष्ण, कोरडा, जिभेवर पत्रा ठेवल्यासारखा.

पोत्यात अशा अकरा निघाल्या.

वहिनीच्या तपासणीच्या टेबलावर नेलपॉलिश पुसायची बाटली असायची. मी कापूस घेतला आणि अकराच्या अकरा ठिपके पुसले. मग त्या अकरा बाटल्या तोटीवर धुतल्या आणि मांडणीत ठेवल्या. तासाभरानं वहिनी आली. एकेक बाटली उचलून टिचकी मारू लागली.

"आजचा माल किती छान आहे हो, वन्सं," ती म्हणाली आणि बुडाला ठिपका दिला.

"हो," मी म्हटलं.

मनाशी म्हटलं, स्वस्तातली दारू महागड्या बाटलीत भरून विकत असेल मेला. पाणी मिसळत असेल. पिणारे पितात, त्याला मी काय करू? माझ्याकडे सहा बायका आहेत. कुणी मरेल असं वाटलं नव्हतं. खरं तर तिथवर जायच्या आतच मी विचाराचा हात धरून त्याला खाली बसवलं होतं. त्यानंतर दर आठवड्याला ठिपक्यांच्या बाटल्या येत राहिल्या, आणि पोती सोडायचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

मग ती सकाळ आली.

दादाचं घर शेडच्या मागं, मध्ये एक भिंत. नऊ वाजले असतील. वहिनीनं हाक मारली, पण तो आवाज तिचा वाटेना. मी धावत गेले. दादा पलंगावर बसला होता. खाली बादलीत ओकारी. खिडकीतलं ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं.

"घरात धूर कसला झालाय गं?" तो विचारत होता.

"धूर कुठाय?" वहिनी म्हणाली.

"मग भिंतीला चुना कुणी मारला? मी निळी केली होती ना ही भिंत?"

भिंत निळीच होती. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. उन्हात त्याचे डोळे उघडे होते आणि पापणी लवत नव्हती.

"कोण? बुटकी आली का?" तो म्हणाला. लहानपणापासून तो मला बुटके म्हणतो. "तू पण पांढरीच दिसतेस गं."

मी त्या डोळ्यांकडेच बघत राहिले. वहिनीनं मला गदागदा हलवलं तेव्हा कुठं मी रिक्षा बघायला पळाले.

सरकारी दवाखान्यात बाकांवर माणसं आधीच बसली होती. एक बस कंडक्टर होता, गणवेशात, तिकिटांची पिशवी अजून खांद्यालाच. तो हातानं समोरची हवा चाचपत होता आणि त्याची म्हातारी आई "इथंच आहे रे, इथंच आहे" म्हणत त्याचा हात धरू बघत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस विस्कटलेले, हातात टॉर्च. दादाच्या डोळ्यांत उजेड मारून त्यांनी ओठ आवळले.

"काल काय प्यायलात? कुठून घेतली?"

"पेट्रोल पंपामागं एक जण गाडीच्या डिकीतून विकतो," दादा म्हणाला. "कराशिवायची. निम्म्या भावात."

"तुम्ही तर आठवड्यातून एकदाच..." वहिनी पुटपुटली.

"एकदाच गं. पण त्या एकदाला जरा बरी मिळाली तर..."

वहिनीनं शहाणपणानं बाटली पिशवीतून आणली होती. तिनं ती बाहेर काढली. सोनेरी अक्षरांचं लेबल, कोरडं ठणठणीत. डॉक्टरीणबाई नाव वाचत होत्या. वहिनीच्या हाताला सवय. तिनं बाटली उलटी केली.

ती ठिपक्याकडे बघत राहिली. मग आपल्या अंगठ्याच्या नखाकडे. मग पुन्हा ठिपक्याकडे. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मला दिसलं, कपातला चहा उतरावा तसं.

"ही आपली आहे," ती म्हणाली.

"अगं, तेच तर!" दादाला आमचे चेहरे दिसत नव्हते. त्याच्या आवाजात कौतुक होतं. "त्यानं चार बाटल्या पुढं केल्या. मी उलट्यापालट्या करून बघितल्या. एकीच्या बुडाला तुझ्या नखाचा रंग. म्हटलं, ही घरची. हिनं बघितलेली. हिच्यात काही वाईट असायचं नाही."

मागं कंडक्टरची आई बोलतच होती, इथंच आहे रे.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "ही दारू नव्हे, विषारी स्पिरिट आहे. त्यावरचं आमच्याकडचं औषध संपलंय. सकाळपासूनचे हे सहावे. डायलिसिससाठी मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, गाडी यायला तीन तास. तोवर यांना दारू द्यावी लागेल. खरी."

मला वाटलं, बाई थट्टा करतात. किंवा मीच वेडी झालेय.

"दारू?"

"नळीतून, मोजून, आम्ही देऊ. खरी दारू शरीरात असेल तर ते विष थोपवलं जातं. मला समजावत बसायला वेळ नाही. सीलबंद आणा. परवान्याच्या दुकानातली. झाकणावर कराचा शिक्का बघून घ्या. पळा!"

मी पळाले. भर सकाळी, रस्त्यातून, पदर सुटलेला, भावाला विषापासून वाचवायला दारू आणायला.

कोपऱ्यावरच्या दुकानात काका एकटेच होते. त्यांच्या रिकाम्या खोक्यांतून बाटल्या नेत आम्ही मोठे झालो. मी काय सांगितलं मला आठवत नाही, पण त्यांनी फळीवरून दोन बाटल्या काढल्या आणि झाकणावरचा कागदी शिक्का माझ्यापुढं धरला.

"हा बघ. फाटलेला नाही. या शिक्क्याला मी रोज उठून शिव्या घालतो. तीन पोरं घरी बसवली त्याच्यापायी. पाव दारू आणि पाऊण कर आहे यात. आणि आज तूच तो शिक्का शोधत आलीस." पैसे त्यांनी घेतले नाहीत. बाटल्या कागदात गुंडाळताना त्यांचा हात मध्येच थांबला. "तुझ्या रिकाम्या हल्ली कारखान्यात जात नाहीत म्हणे. मग जातात कुठं गं?"

"उशीर होतोय, काका," मी म्हटलं आणि बाटल्या ओढून घेतल्या.

मी परतले तोवर वहिनीनं सगळं सांगूनही टाकलं होतं. कुणी विचारायच्या आधी, आपणहून. अबकारी खात्याचा साहेब वही घेऊन बाकाजवळ उभा होता. बूटवाला, पांढरा टेम्पो, लेबलं, ठिपका. मी जवळ गेल्यावर साहेबानं मान वर केली.

"शेड तुमची. तुम्हाला कधी शंका आली नाही?"

"वन्संना कसली शंका, साहेब?" माझ्याआधी वहिनीच बोलली. "त्यांनी तर दिव्याचा फोटो बघितला होता. त्या भोळ्या आहेत."

साहेब माझ्याकडेच बघत होता.

"दिव्यांसाठी न्यायचा," मी म्हटलं.

त्यानं ते लिहून घेतलं. पेनाची कुरकुर मी ऐकली.

दुपारी गल्ल्यांतून गाडी फिरू लागली. छपरावर भोंगा. "ज्या बाटलीच्या बुडाला जांभळा ठिपका असेल ती पिऊ नका. प्यायला असाल तर ताबडतोब दवाखान्यात या. जांभळा ठिपका..." दवाखान्याच्या खिडकीतून तो आवाज आत यायचा, लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. वहिनी कानांवर हात ठेवून बसली होती. जांभळा नाही म्हणून दटावणारा नाकात नळी घेऊन पडला होता.

गाडी आली, दादाला न्यायची तयारी झाली. डॉक्टरीणबाई क्षणभर माझ्याशेजारी भिंतीला टेकल्या. मला सांगत होत्या की भिंतीला, कोण जाणे.

"या वर्षी माझ्या वॉर्डात यकृताचे पेशंट तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाले. तिसऱ्या हिश्श्यानं! ज्यांची नावं मला पाठ होती ते लोक यायचे बंद झाले, बरे झाले म्हणून. कर वाढला तेव्हा मी इथं सगळ्यांना चहा पाजला होता. आजही तो कर चूक होता असं मी म्हणणार नाही. पण हे?" त्यांनी बाकांकडे हात केला. बाकांवर आता चौदा माणसं होती. "यांना कशात धरू मी?"

ठिपक्याच्या बावन्न बाटल्या लोकांनी आणून दिल्या. न उघडलेल्या. त्या ठिपक्यानं बावन्न घरं वाचली असं छापून आलं. सात माणसं गेली. कंडक्टर गेला. बूटवाला दोन दिवसांनी सापडला. त्याच्या गोदामात रंग पातळ करायच्या द्रवाची पिंपं होती, झाकण दाबायचं यंत्र होतं, दिवा एकही नव्हता.

दादा नवव्या दिवशी घरी आला. जीव राहिला, नजर गेली. डाव्या डोळ्याच्या कडेला नखाएवढी फट तेवढी उरली, तिच्यातून उजेड आत येतो की नाही एवढंच कळतं.

शेड बंदच होती. त्या दुपारी मी त्यांच्याकडे भाजी घेऊन गेले. दादा खुर्चीत बसून भिंतीवरून तळहात फिरवत होता, रंगाची खरबड तपासत. वहिनी दारात पायरीवर बसली होती, हातात ब्लेड. नखांवरचा रंग ती खरवडून काढत होती. रंग केव्हाच गेला होता. ती आता नख खरवडत होती. अंगठ्यातून रक्त येऊन मनगटापर्यंत ओघळलं होतं.

"वहिनी! अगं काय करतेस?" मी ब्लेड हिसकावलं.

"हा हात बघून घेतली ना त्यांनी ती बाटली." ती माझ्याकडे बघतही नव्हती. "दुसऱ्या तीन होत्या समोर. त्यातली एखादी घेतली असती तर..."

"त्याही विषाच्याच होत्या गं," दादा आतून म्हणाला.

"कुणाला माहीत? तुम्ही घेतलीत ती माझ्या भरवशावर घेतलीत. माझा ठिपका नसता तर तुम्ही दोनदा विचार केला असता. वास घेतला असता. तुम्ही काहीच केलं नाहीत, कारण मी पास केली होती." ती हळू बोलत होती, जणू हे रोज म्हणून पाठ झालंय. "कंडक्टरच्या आईकडे मी काल गेले होते. पाया पडले. म्हटलं, आजी, ते काम माझ्या हातचं. त्यांनी मला दाराबाहेर काढलं नाही. पाणी दिलं प्यायला. मला ते पाणी गिळता येईना हो, वन्सं."

मला माहीत नव्हतं ती तिथं गेली होती. एकटी गेली होती. सातही घरी ती जाणार होती, ते मला मागाहून मावशीकडून कळलं.

"बुटके, तू तरी समजाव हिला," दादा म्हणाला. तो आवाजाच्या दिशेनं वळला, पण जरा चुकला. माझ्या ऐवजी दाराच्या चौकटीशी बोलत राहिला. "जेवत नाही, झोपत नाही. अगं, हिला ठाऊक नव्हतं, तुला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो तुरुंगात आहे. मग ही कशाला स्वतःला सोलून काढतेय? सांग तिला."

वहिनीनं आता माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. ती खरंच वाट बघत होती. मी काहीतरी सांगेन आणि तिचं थोडं हलकं होईल, अशी.

भाजीची पिशवी मी खाली ठेवली. वांगी नव्हती त्यात, मी मुद्दाम टाळली होती. तेवढं भान ठेवणारी मी, नऊ दिवस तिच्या शेजारी बसून गप्प होते.

"दादा, मला ठाऊक होतं," मी म्हटलं.

त्याचा भिंतीवरचा हात थांबला.

"त्या बाटल्या परत आल्या होत्या. ठिपक्यासकट. आधी अकरा, मग दर आठवड्याला. वासही घेतला होता मी. पोती मी एकटीच सोडायचे, ते म्हणूनच. ठिपके पुसले आणि धुऊन पुन्हा तुझ्यापुढं मांडल्या, वहिनी. माल छान आहे म्हणालीस तू. मी हो म्हटलं."